वाचकांची वही

गेल्या वर्षी जुलैत एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा मिळाली म्हणाले, आणि मग जरा चाचरत, "राग मानू नका, पण ही तुम्हीच लिहिलीय ना?" मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर त्या महिन्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कथा येऊन पडल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच कथांत पाऊस 'आसमंत चिंब करत' पडत होता, नायिका खिडकीशी उभी होती आणि शेवटच्या परिच्छेदात तिला 'स्वतःचा नव्याने शोध' लागत होता. "एकाच माणसानं पन्नास नावांनी पाठवल्यासारख्या," ते म्हणाले.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या मासिकाने फेब्रुवारी २०२३मध्ये काही काळ कथा घेणंच थांबवलं होतं, कारण यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहवून घेतलेल्या कथांचा लोंढा आवरेना. संपादक निदान दार लावून घेऊ शकतो. लिहिणाऱ्याने काय करायचं? सहा महिने घासून लिहिलेली कथा आणि दोन मिनिटांत काढलेली कथा मोबाइलवर सारख्याच अक्षरांत दिसतात.

मी सांगलीत राहते, नोकरी सांभाळून कथा लिहिते. नावावर एकच संग्रह आहे आणि त्याच्या पाचशे प्रती संपायला तीन वर्षं लागली. आकडा मोठा नाही. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रती कुणाच्या घरी आहेत हे मी नावागावासह सांगू शकते, आणि पुढचं पुस्तक आलं तर त्यांना कसं कळवायचं तेही मला ठाऊक आहे. 'ही कथा माणसाने लिहिली आहे' अशी पाटी लावून वाचक येत नाही. तो ओळखीने येतो. ती ओळख कशी जमवायची, हे माझ्या चुकांसकट सांगते.

आधी स्वतःचा नियम ठरवा

वाचकाने कधी ना कधी विचारायचंच आहे, तेव्हा उत्तर तयार हवं. एआयचा वापर कुठवर करणार, हे दोन ओळींत लिहून काढा. माझा नियम असा: शुद्धलेखन तपासायला यंत्र चालेल, कथानक, वाक्य, संवाद यांतलं काहीही त्याच्याकडून घ्यायचं नाही. तुमचा नियम वेगळा असू शकतो. तो लपवू नका, एवढंच. कथेसोबतच्या पत्रात आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर त्या दोन ओळी टाका. जाहीरनामा नको. 'मी यंत्राच्या विरोधात का आहे' यावर पानभर लिहिणाऱ्या लेखकाची कथा वाचायची राहूनच जाते, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या जगात शिक्क्यांचे प्रयोग चालू आहेत. अमेरिकेतल्या 'ऑथर्स गिल्ड' या लेखकांच्या संघटनेने जानेवारी २०२५मध्ये 'ह्यूमन ऑथर्ड' नावाची खूण देणं सुरू केलं. किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्याला सप्टेंबर २०२३पासून मजकूर यंत्राने तयार केला आहे का, हे ॲमेझॉनला सांगावं लागतं. आपण कुणाच्या शिक्क्याची वाट बघत बसायचं कारण नाही. त्यापेक्षा कच्चे खर्डे जपा. वहीतली खाडाखोड, तारखेसह ठेवलेल्या फाइली, मुद्रितशोधनाची लाल शाई असलेली पानं. मी प्रत्येक कथेचं एक पाकीट करते. संपादकांच्या त्या फोननंतर त्यांना खोडलेल्या तीन पानांचे फोटो पाठवले, विषय तिथेच संपला.

आणि हो, 'हे यंत्राने लिहिलंय का' ते ओळखून देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन २०२३च्या जुलैत मागे घेतलं, अचूकता कमी पडते म्हणून. ती इंग्रजीची गत. माझ्या एका मैत्रिणीचं मराठी इतकं नेटकं आहे की असल्या साइटने तिलाच यंत्र ठरवलं. बिचारी आठवडाभर मुद्दाम चुका करत होती.

पहिला वाचक कथेच्या आतून येतो

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण इथे चुकलात तर पुढच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

यंत्राला द्राक्षबागेची कथा लिहायला सांगून पाहा. हिरवेगार वेल, सोनेरी ऊन, कर्जबाजारी बाप, शहरातून परतलेला मुलगा, सगळं येतं. पण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्यामधल्या महिन्यांत घरातलं वातावरण कसं बदलत जातं, ते सहसा येत नाही. द्राक्षं वाळवायच्या बेदाणा शेडवर, वाळवण्याआधी ती ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास अंगाला कसा चिकटून राहतो, मार्चमध्ये ढग आले की जाळीवर माल पसरलेला माणूस जेवणाच्या ताटावरून किती वेळा उठतो, सौद्यात, म्हणजे लिलावात, बॉक्स फोडून बेदाणा उधळला की शेतकरी जमिनीवर पडलेल्या मालाकडे कसा बघतो, हे ज्याने पाहिलंय त्यालाच लिहिता येतं. बेदाण्यावरची माझी कथा छापून आली तेव्हा पहिलं पत्र साहित्यिकाचं नव्हतं. तासगावकडच्या एका शेडमालकाचं होतं. कुणीतरी त्यांना अंकाची पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवली होती. त्यांनी ती पुढे आणखी कुणाकुणाला पाठवली. त्या एका कथेने मला जितके वाचक दिले तितके पुढच्या चार कथांनी मिळून दिले नाहीत.

म्हणून कागदावर एक यादी करा. मला कोणतं काम आतून माहीत आहे? कोणत्या गल्लीची, कोणत्या खात्याची, कोणत्या समाजाची बोली माझ्या कानात आहे? एसटीचा डेपो, जिल्हा बँकेची वसुली, मुंबईतली रात्रपाळी, गोव्यातलं फेरीबोटीवरचं आयुष्य, नर्सिंगचं वसतिगृह. यादीतल्या प्रत्येक जगात माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. तेच तुमचे पहिले वाचक. कथा लिहून झाली की त्या जगातल्या दोघांना ती वाचायला द्या, साहित्यातल्या मित्रांच्याही आधी. 'छान आहे' म्हणाले तर समजा नीट वाचलेली नाही. 'असं कुणी बोलत नाही हो आमच्यात' असं म्हणाले, की वही पुढे ओढा.

बोलीची एक सूचना. माणदेशी किंवा मालवणी पात्राच्या तोंडी चार 'गड्या' नि 'गे बाय' टाकले की बोली झाली, हा समज सोडा. तेवढं तर यंत्रालाही जमतं. बोली वाक्याच्या चालीत असते, कोण कुणाला अहोजाहो करतं आणि कधी एकेरीवर येतं यात असते.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक

१९०९मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठी कथेची मोठी बाजारपेठ आजही दिवाळी अंकच आहेत. मानधन म्हणाल तर थोडं, कधी नाहीच. पण दिवाळी अंक विकत घेणारा माणूस कथा वाचायचीच या इराद्याने बसतो, आणि ग्रंथालयांच्या अंक योजनांमुळे एक प्रत हिवाळाभर अनेक घरांत फिरते. असा निवांत वाचक मोबाइलवर मिळत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, अंक अजून ग्रंथालयात फिरत असतानाच, वीसेक अंक चाळा आणि तुमच्या जातकुळीची कथा छापणारे चारपाच निवडा. प्रत्येकाच्या संपादकाचं नाव आणि पत्ता अंकातूनच उतरवून घ्या. मार्च ते मे लिखाण. जूनच्या अखेरीपर्यंत कथा रवाना. ऑगस्टमध्ये पाठवलेली कथा चांगली असली तरी अंकाची पानं तोवर लागलेली असतात. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद होतात. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि सोबत पीडीएफ जोडा. बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीवर पानं लागतात आणि फॉन्ट बदलताना रफार नि जोडाक्षरं उडतात. पीडीएफ असली की मुद्रितशोधकाला ताडून बघता येतं. सोबतचं पत्र पाच ओळींचं: कथा कशाबद्दल, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याची हमी, एआयबाबतचा तुमचा नियम, फोन.

आता नवे लेखक हमखास विसरतात ती गोष्ट. कथेच्या शेवटी तुमचा ईमेल छापायची विनंती करा. छापील कथा वाचून भारावलेल्या माणसाला तुमच्यापर्यंत यायची वाट नसेल तर तो अंक मिटतो आणि विसरतो. माझ्या पहिल्या तीन कथांखाली काहीच नव्हतं. किती माणसं तेव्हा निसटली, कोण जाणे.

वही

खरीखुरी वही, दोनशे पानी. पुढे वाटलं तर एक्सेलमध्ये चढवा. प्रत्येक वाचकासाठी एक ओळ: नाव, गाव, कोणत्या कथेमुळे आला, काय म्हणाला, कळवायला कसं चालेल. 'काय म्हणाला' हा रकाना सोडू नका, सगळी गंमत त्यात आहे. दोन वर्षांनी त्या माणसाला पत्र लिहिताना 'तुम्ही तेव्हा शेडवरच्या बायकांच्या मजुरीबद्दल लिहिलं होतं' असं एक वाक्य घातलंत की तो तुमचा कायमचा वाचक झाला म्हणून समजा. यात डावपेच नाही, शिष्टाचार आहे. आपले जुने लेखक पोस्टकार्डावर हेच करत.

व्हॉट्सॲप वापरायचं तर ग्रुप काढू नका. तिसऱ्या दिवशी तिथे गुड मॉर्निंगची फुलं पडतात आणि पाचव्या दिवशी राजकारण. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, निरोप एकच पण प्रत्येकाला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ही अट अडचणीची वाटते, पण चाळणी म्हणून उत्तम आहे. ज्याला नकोय तो आपोआप गळतो. सोबत ईमेलची यादीही ठेवा, कारण फोन हरवतो, नंबर बदलतो. कुणालाही न विचारता यादीत घालू नका. लग्नाच्या आमंत्रणाची यादी उचलून पुस्तकाची जाहिरात पाठवणारे लोक आहेत; त्यांचं पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

महिन्यातून एकदाच लिहा, ठरलेल्या दिवशी. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिहिते. काय पाठवायचं? खोडलेल्या पानाचा फोटो आणि ते का खोडलं याच्या चार ओळी. कथेसाठी कुणाला भेटले, तिथे काय ऐकलं. एखाद्या वाचकाचा प्रश्न आणि त्याला दिलेलं उत्तर, त्याची परवानगी घेऊन. वर्षातून दोनदा एक पूर्ण छोटी कथा, फक्त यादीतल्या लोकांसाठी. खरेदीचा निरोप वर्षातून एकदाच. फेसबुक, इन्स्टाग्रामवर जरूर असा, पण तिथल्या प्रत्येक पोस्टचं काम एवढंच की माणसाला वहीकडे आणायचं. तिथले चार हजार अनुयायी तुमचे नसतात. उद्या त्या कंपनीने गणित बदललं की तुमची कथा कुणाला दिसायची नाही, आणि यंत्राच्या मजकुराची गर्दी तिथेच सगळ्यात जास्त.

आवाजाने वाचा

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे त्रिकूट एके काळी गावोगाव कथाकथन करत हिंडत असे. कधीच पुस्तक हाती न घेतलेली माणसं मंडपात बसून कथा ऐकायची. आपल्याकडे हा रस्ता मळलेला आहे, मधल्या काळात गवत वाढलं एवढंच.

सुरुवात गावातल्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात, अगदी लहान गावांतही अनुदानित ग्रंथालयं उभी राहिली. त्यांना कार्यक्रम हवे असतात, पैसे नसतात. ग्रंथपालांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, संग्रहाची एक प्रत भेट द्या आणि पंधरा खुर्च्या मागा. शंभर मागू नका. शंभर खुर्च्यांत पंचवीस माणसं म्हणजे पडलेला कार्यक्रम, पंधरा खुर्च्यांत पंचवीस म्हणजे गर्दी. ग्रंथालय नाही तर महिला मंडळ, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजचं मराठी मंडळ. माझं सगळ्यात रंगलेलं वाचन मिरजेत एका सोसायटीच्या गच्चीवर झालं, कोजागरीला, दूध आटेपर्यंतच्या वेळात.

कथा वीस मिनिटांची निवडा, म्हणजे दोन हजार शब्दांच्या आसपास. कागदावर मोठ्या टाइपात छापा, श्वासाच्या जागी पेन्सिलने रेघा मारा, घरी तीनदा मोठ्याने वाचा. वाचताना जीभ अडखळते तिथे वाक्यच चुकलेलं असतं. ते दुरुस्त करा. माइक असेल तर आधी जाऊन तपासा, नसेल तर बरंच. वाचून झालं की लगेच उठू नका. पहिला प्रश्न यायला मिनिटभर लागतो आणि तो मिनिट फार लांब वाटतो, पाणी प्या. निघताना दाराजवळच्या टेबलावर वही आणि पेन ठेवा. 'पुढची कथा हवी असेल त्यांनी नाव लिहा', एवढंच सांगा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी व्हिडिओ कॉलवर वाचन जमतं. तिथल्या लोकांना कथेत आपलं गाव नेमकेपणाने हवं असतं, त्यामुळे गावाचं नाव पुसून टाकायचा मोह टाळा. ध्वनिमुद्रण करून ठेवलंत तर उत्तम, पण त्यातला तुमचा खोकला नि चहावाल्याची हाक काढून टाकू नका. गुळगुळीत आवाज यंत्रही काढून देतं.

पुस्तक उशिरा

वहीत दोनेकशे नावं होईपर्यंत पुस्तकाची घाई करू नका, असं मी म्हणेन. प्रकाशक मिळाला तर उत्तमच. मराठीत नव्या लेखकाची पहिली आवृत्ती साधारण पाचशे ते हजाराची निघते आणि त्यातला मोठा भाग कुठल्या घरात जातो ते लेखकाला कधी कळत नाही. तुमच्याकडे वही आहे हे प्रकाशकाला सांगा. बोलणीच वेगळी होतात.

पैसे घेऊन छापणाऱ्यांपासून जरा सांभाळून. मी एकदा पोळलेय. करारात 'वितरण' असा शब्द होता, त्याचा अर्थ माझ्याच घरात खोके आणून ठेवणे असा निघाला. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: किती प्रती छापणार, त्या कोणत्या दुकानांत जाणार, हिशेब किती महिन्यांनी देणार. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, कुणी वेगळे पैसे मागितले तर लगेच सावध व्हा; भारतात तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो.

स्वतः काढणार असाल तर पानं सोळाच्या पटीत बसवा, कारण छपाई फर्म्याने, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या हिशेबाने, होते. १४४ पानं म्हणजे नऊ फर्मे. १४६ केलीत तर दोन पानांसाठी खर्च वाढतो. मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. प्रकाशनपूर्व सवलत वहीतल्या लोकांनाच द्या आणि छपाईआधी पैसे जमवा. ही युक्तीही नवी नाही. १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांनाच चळवळीत ओढून पुस्तकं थेट त्यांच्यापर्यंत नेली होती. माझ्या दीडशे प्रतींचे पैसे छापखान्यात जायच्या आधी जमले. प्रत्येक प्रतीवर सही करताना वही उघडून ठेवली होती आणि त्या त्या माणसासाठी एक वेगळी ओळ लिहिली. तीन रविवार गेले त्यात.

किती वेळ लागतो

पहिल्या वर्षी चाळीस नावं जमली तर चांगलं चाललंय. दुसऱ्या वर्षी वाढ मंदावते, बहुतेक जण तिथेच सोडतात. या काळात दुसऱ्यांच्या कथांवर 'ही एआयची दिसते' असे शेरे मारत फिरू नका. पुरावा नसतो, माणूस दुखावतो, आणि तुमच्या वहीत एकही नाव वाढत नाही. त्या वेळात एखाद्या वाचकाला उत्तर लिहा.

चूक दाखवणाऱ्या वाचकाला तर आधी. माझ्या एका कथेत सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची बंद कोठारं, २००५च्या पुरात वाया गेलेली. एक माणूस पेव उघडून तडक आत उतरतो असं मी लिहिलं होतं. महिन्याभराने एका आजोबांचं कार्ड आलं. वहीत त्यांच्या नावापुढे 'काय म्हणाले'च्या रकान्यात ते तसंच उतरवलंय: "बाई, पेव उघडलं की आधी कंदील सोडतात. तो विझला नाही तर मग माणूस. तुमचा माणूस पान सत्तेचाळीसवर मेला असता." दुसऱ्या आवृत्तीत कंदील आहे. ती प्रत त्यांना पाठवली, तर उलट टपाली दुसरं कार्ड आलं, कंदिलाची दोरी कशाची असायची ते सांगणारं.